लिंबू, गॅस बंद केल्यावर

"काल मी आमटीत मीठच घातलं नव्हतं. मुद्दाम," आई दारात उभी राहून समोरच्या बेनना सांगत होती. "आणि दोघंही छान, छान म्हणत जेवले."

हे ती गुजरातीत सांगत होती. गुजरातीत बोलताना आईचा आवाज थोडा चढतो, त्यामुळे पॅसेजमधल्या माझ्या टेबलापर्यंत प्रत्येक शब्द नीट पोहोचला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. माझा माइक बंद होता. तो बहुतेक वेळा बंदच असतो.

समोरच्या बेन मोठ्याने हसल्या. "हाय हाय! साव मोळी दाळ खाई गया?"

हो, मोळी. अगदी अळणी. आणि हो, खाल्ली.

आई मात्र हसली नाही. "पहिल्या तारखेपासून टिफिन लावते," ती म्हणाली. "फतेगंजला तुमच्या ओळखीच्या बेन करतात ना, त्यांचा नंबर द्या."

"तुम्ही? टिफिन?" बेनना वाटलं, ही गंमत चाललीय.

"मग काय करू? ज्या घरात अळणीसुद्धा छान लागतं, तिथे माझं काय काम?"

मीटिंगमध्ये कोणीतरी माझं नाव घेतलं. मी माइक सुरू करून "येस, नोटेड" म्हटलं आणि परत बंद केला. काय नोंदवायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

आदल्या रात्रीची आमटी मला आठवत होती. मीठ नाही हे पहिल्याच घासाला कळलं होतं. मी पापड मागितला. बाबांनी लोणचं मागितलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग बाबा म्हणाले, "छान झालीय हं आज." मी म्हटलं, "हं." आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मला वाटलं, ती आणखी वाढू का म्हणून बघतेय.

आमच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक कोणी चाखत नाही. घर म्हणजे बडोद्याच्या समा भागातल्या एका सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि देवघर म्हणजे फ्रीजच्या बाजूला भिंतीवर ठोकलेलं लाकडी कपाट. पण नियम नियम आहे. आई छोट्या वाटीत सगळं थोडं थोडं काढते, वाटीभोवती पाणी फिरवते, डोळे मिटते, आणि मगच पानं वाढते. माझा देवावर विश्वास आहे का, हे मला नक्की सांगता येणार नाही. तरी नैवेद्याआधी पातेल्यात चमचा घालायला माझाही हात धजत नाही.

मग इतकी वर्षं आईला मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? वासावरून. मीठ कमी असलं की आमटीच्या वाफेला कच्चा वास येतो, जास्त झालं की वाफ नाकात टोचते, असं ती म्हणायची. शाळेत असताना मी तिला सांगितलं होतं की मिठाला वास नसतो, सायन्सच्या टीचरनी शिकवलंय. "तुझ्या टीचरना म्हणावं जेवायला या," ती म्हणाली होती. वास घेणं म्हणजे चाखण्यासारखंच नाही का, असंही मी एकदा विचारलं. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. "नाकाला उष्टं नसतं."

आणि तिची आमटी खरोखर कधी चुकली नाही. तिची आमटी म्हणजे बडोद्याची आमटी. पुण्याचे आमचे नातेवाईक ती पहिल्यांदा खातात तेव्हा विचारतात, "ही आमटी की दाळ?" कारण गोडा मसाला, कढीपत्ता, गूळ सगळं त्यांच्यासारखंच, पण आमसूल किंवा चिंच नाही. लिंबू. वर मूठभर शेंगदाणे. इथे तीन-चार पिढ्या राहिल्यावर शेजारच्या घरातलं आपल्या पातेल्यात येतंच. लिंबाचा तिचा एकच नियम होता. गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं, आतली खळखळ थांबू द्यायची आणि मग पिळायचं. उकळत्यात पिळलं तर लिंबू कडवट होतं. स्वयंपाकातलं मला येणारं हे एकमेव शास्त्र. कुकर लावताना मी अजून शिट्ट्या विसरते, पण लिंबू कधी पिळायचं ते मला चौथीपासून माहीत आहे.

नवरात्रानंतर आईला ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, आणि त्यांच्याबरोबर तिचं नाक आणि जीभही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो. आईने हिंगाची डबी नाकाशी धरली, तर काही नाही. कापूर, तरी काही नाही. ती डबी हातात घेऊन ओट्याशी उभी राहिली होती, घरात कोणीतरी ओळखीचं असूनही ओ देत नाहीये अशी.

मग एका सकाळी पोह्यांवर लिंबू पिळताना रस बोटांवरून ओघळला आणि तिने तो सवयीने चाटला. नैवेद्य झालेला होता. "आंबट!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. बाबा अर्धी दाढी केलेले बाहेर आले, मी हेडफोन काढून धावले. आई हातातली लिंबाची फोड आम्हाला दाखवत होती. "आंबट लागलं! अगं, आंबट लागतंय मला!"

त्यानंतर आमच्या घरात लिंबाचं राज्य सुरू झालं. खारट, गोड, तिखट, कडू काहीच परत आलं नाही, नुसतं आंबट आलं. म्हणून आई प्रत्येक गोष्टीत तेवढंच शोधू लागली. बटाट्याच्या भाजीत लिंबू, दुधीत लिंबू, मुगाच्या खिचडीत लिंबू, मसालेभातावर लिंबू आणि शिवाय पानात फोड. बाबा डभोईच्या शाळेत शिकवतात, रोज बसने अप-डाऊन करतात. तिथल्या एका सरांच्या शेताच्या बांधावर लिंबाची झाडं आहेत. बाबा तिथून पिशवी भरून लिंबं आणू लागले. आईने सांगितलं म्हणून आणायचे, आणि मग ती सगळी लिंबं आमच्याच पोटात जायची.

तिला कसं सांगणार की खूप आंबट होतंय? तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

एकदा बाल्कनीत कपडे काढताना बाबांनी मला हळूच विचारलं, "तुझे दात आंबतात का गं?"

"थोडे."

"माझेही. पण बोलू नकोस हं बेटा काही."

मी कशाला बोलतेय! आमच्या घरात मला ओळखणारं कोणीही सांगेल की मला न बोलायला सांगावं लागत नाही. बाबांनी स्वतःपुरता एक मार्गही काढला होता. डभोईच्या बस स्टँडजवळ ते गरम भजी खाऊन येऊ लागले. त्यांच्या शर्टाला तेलाचा वास यायचा. पूर्वी आईने जिन्यातच ओळखला असता. आता ती त्यांच्या हातातली पिशवी घ्यायची, "दमलात का?" विचारायची आणि आत जायची. मला तो वास यायचा. त्या वेळी मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

तर दारातलं ते बोलणं संपलं. आई आत आली, तिने फोनमध्ये नंबर साठवला आणि ती नेहमीसारखी तांदूळ धुऊ लागली. मी तिला सांगू शकले असते की मी ऐकलं. पण मी बोलायच्या आधी मनात वाक्य लावते. मराठीत लावायला गेले की त्यात इंग्लिश घुसतं, इंग्लिशमध्ये लावलं तर ते आईशी बोलल्यासारखं वाटत नाही, आणि हे चालू असेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

म्हणून मी न बोलता करता येण्यासारखं काहीतरी केलं. संध्याकाळी आईने मुगाची खिचडी टाकली. मध्येच खाली भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, आली आणि ती पिशवी घेऊन उतरली. मी स्वयंपाकघरात गेले. झाकण काढलं. वाफ तोंडावर आली. जिरं, हळद, लिंबू. मिठाचं काही कळेना, कारण मिठाला वास नसतोच. चमचाभर चाखलं असतं तर प्रश्न मिटला असता. चमचा मी हातात घेतलाही. पण फ्रीजच्या बाजूचं कपाट उघडं होतं, आणि निरांजन अजून लावलेलं नव्हतं. मी चमचा परत ठेवला आणि काल नव्हतं म्हणजे आजही नसणार असा हिशेब करून अंदाजाने मीठ घातलं.

आईने त्या दिवशी मीठ घातलेलं होतं. परीक्षा एकदाच घेतली होती तिने.

खिचडी इतकी खारट झाली होती की पहिल्या घासाला बाबांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांनी गिळलं. पाणी प्यायले. आईने विचारलं, "कशी झालीय?"

"छान," बाबा म्हणाले आणि परत पाणी प्यायले.

"तांब्या इथेच ठेवते," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या पेल्याकडे, मग स्वतःच्या पानाकडे. तिने लिंबाची फोड उचलली, खिचडीवर पिळली आणि शांतपणे जेवू लागली. तिला ती खिचडी नुसती आंबट लागत असणार. मला ओरडावंसं वाटलं, खाऊ नकोस गं. मी ताक वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फतेगंजहून नमुन्याचा टिफिन आला. स्टीलचा, चार पुडाचा, स्वच्छ. पातळ फुलके, फरसबीची भाजी, भात आणि गोडसर दाळ. चांगलं होतं सगळं. खरं सांगायचं तर खूप दिवसांनी मी पोटभर जेवले, आणि जेवताना मान खाली घालून बसले. आईने आधी त्यातलंच थोडं वाटीत काढून देवाला दाखवलं होतं. नैवेद्य दाखवताना ती नेहमी काहीतरी पुटपुटते. त्या दिवशी नुसतंच पाणी फिरवलं.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"छान," बाबा म्हणाले.

अगदी तोच छान. अळणी आमटीचा, खारट खिचडीचा आणि आता टिफिनचा, तिन्ही एकाच सुरातले. आई किंचित हसली. "तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कुठेही ठेवलं तरी चालेल."

बाबांना त्यातला टोमणा कळला. पण त्यांनी फुलका मोडला आणि गप्प राहिले. आमच्या घरातली गप्प राहायची सवय मी कोणाकडून घेतली, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आणि हेही दिसलं की ते तिला सांभाळायला गप्प होते. मीही. आमच्या दोघांच्या त्या सांभाळण्याने ती एकटी पडत चालली होती. वासाने तिची साथ सोडली होती, आणि वासाच्या जागी आम्ही उभं राहायचं, तर आम्ही नुसते छान म्हणत होतो.

रविवार आला. सोमवारी पहिली तारीख होती. सकाळी आईने फोनवर फतेगंजच्या बेनना सांगितलं, "हो, दोन वेळचा. संध्याकाळी पक्कं कळवते." मग ओट्याशी जाऊन तिने तूरडाळ धुतली. रविवारी आमच्याकडे आमटी, भात, बटाट्याची पिवळी भाजी असंच असतं.

मी लॅपटॉप उघडलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय हवंय?" आईने विचारलं.

"काही नाही."

"मग कोथिंबीर निवड."

मी खाली बसून कोथिंबीर निवडू लागले. आई फोडणी करत होती. मोहरी तडतडल्याचं ऐकून तिने हिंग, हळद, कढीपत्ता टाकला, डाळ ओतली, गूळ, गोडा मसाला. सगळं बरोबर चाललं होतं. तिच्या हातांना सगळं पाठ होतं. उकळी आली. तिने मिठाच्या बरणीकडे हात नेला, आणि तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी. ती खिडकीतून वाकून दोन वाक्यं बोलली. परत आली ती सरळ लिंबाकडे गेली. अर्धं लिंबू घेतलं आणि खळखळत्या आमटीत पिळलं. मग दुसरं अर्धं. गॅस चालूच होता.

मी पाहिलं. कोथिंबिरीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. आई, मीठ राहिलं, आई, गॅस. तोंडापर्यंत आलं. ती वाफेवर वाकली, डोळे मिटले आणि पूर्वी घ्यायची तसा खोल श्वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तरी ती तशीच थोडा वेळ वाकून राहिली. त्या चेहऱ्यासमोर मला बोलता आलं नाही. ती परत परीक्षा घेतेय की खरंच विसरलीय, तेही कळेना.

नैवेद्य झाला. पानं मांडली. बाबा आंघोळ करून, केस विंचरून बसले होते. आईने भात वाढला, वर आमटी घातली, पानात डाव्या बाजूला लिंबाची फोड ठेवली आणि स्वतःही आमच्यासमोर बसली. तिने स्वतःच्या भाताला हात लावला नाही.

बाबांनी पहिला घास घेतला. मीही घेतला. अळणी, आणि मागून लिंबाच्या सालीसारखा एक कडवट सूर, जिभेच्या मुळापर्यंत जाणारा.

"कशी झालीय?" आईने विचारलं. ती बाबांकडे बघत होती.

"छा..." बाबांनी सुरुवात केली.

"नाही," मी म्हटलं.

माझाच आवाज मला मोठा वाटला. बाबांचा हात पानावर थांबला. त्यांनी टेबलाखालून माझ्या पायाला हळूच पाय लावला. मी पाय मागे घेतला.

"काय नाही?" आई म्हणाली.

"छान नाहीये. मीठ नाही त्यात."

बाबा घाईघाईने म्हणाले, "अगं, वरून घेऊ की आपण, त्यात काय..."

"तुम्ही थांबा हो," आई म्हणाली. ती आता पूर्ण माझ्याकडे वळली होती. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही. तू खिडकीत गेलीस तेव्हा राहिलं."

"म्हणजे तू बघत होतीस."

"हो."

"आणि?"

"आणि कडू झालीय. लिंबू उकळत्यात पिळलंस. गॅस बंद करायचा राहिला."

मला वाटलं होतं तिचा चेहरा पडेल. गेले काही महिने मी तो पडलेला चेहरा मनात इतक्यांदा पाहिला होता की त्याची मला सवय झाली होती. तसं झालं नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं, पण ती पुढे झुकून बसली होती, जुन्या मैत्रिणीकडून गावाकडची बातमी ऐकावी तशी.

"किती कडू? कारल्यासारखी?"

"नाही, तेवढी नाही. लिंबाची बी चावल्यासारखी."

"अस्सं." तिने मान हलवली. "आणि?"

"आणि परवाची खिचडी खारट होती. ते मीठ मी घातलं होतं. तू भाजी आणायला गेलीस तेव्हा."

"तरीच!" आई बाबांकडे वळली. "आणि तुम्ही अख्खा तांब्या संपवलात, पण बोलला नाहीत!"

बाबांनी दोन्ही हात वर केले. "आता सगळंच निघतंय तर, मी डभोईला भजी खाऊन येतो."

"ते माहितेय मला," आई म्हणाली. "शर्ट मी धुते तुमचे. तेलाचे डाग दिसतात, त्याला नाक कशाला लागतं?"

बाबा हसायला लागले, मग आई. ती पदराने डोळे पुसत हसत होती. मला हसता येत नव्हतं, कारण महत्त्वाचं वाक्य अजून राहिलं होतं, आणि ते नेहमीप्रमाणे मनात लावायला घेतलं तर संध्याकाळ होईल हे मला माहीत होतं. तिचा फोन फ्रीजवर ठेवलेला दिसत होता.

आई उठली, मिठाची बरणी घेऊन आली आणि ती माझ्यासमोर ठेवली. हसणं अजून तिच्या आवाजात होतं.

"आणि?" तिने विचारलं. "आणखी काही राहिलंय?"

"आणि टिफिन नको," मी म्हणाले. "तूच कर. नैवेद्य झाला की पहिला घास मी घेईन आणि जे असेल ते सांगेन. आणि लिंबू पिळायच्या आधी मला हाक मार, गॅस मी बंद करते."